औजारांचा गंज : दोष लोखंडाचा की ठेवणीचा?

वैशाखाच्या उन्हात नांगरट उरकते, ढेकळे तापू लागतात आणि नांगराचे वर्षाचे काम संपते. शेवटचे तास जेथे पुरे झाले तेथेच, बांधाच्या कडेला, नाही तर घरी आणून गोठ्याच्या कुडाला टेकवून, तो उभा केला जातो. त्या दिवशी त्याचे माती उलटणारे पाते आरशासारखे लखलखत असते. पुढे मृग येतो, आर्द्रा येते, पेरणीची धांदल सुरू होते आणि नांगराकडे कोणाचे लक्ष राहत नाही. पुढच्या उन्हाळ्यात तो बाहेर निघतो तेव्हा पाते तांबूस व खरखरीत झालेले असते, खोली कमीजास्त करण्याचे बोल्ट जागच्या जागी जाम झालेले असतात. शेतकरी विटेच्या तुकड्याने दोन हात मारतो, "लोखंड म्हटले की गंजायचेच" असे म्हणतो आणि औत जुंपतो.

हे वाक्य गावोगाव इतके रुळलेले आहे की त्याची शहानिशा करण्याची कोणास गरज वाटत नाही. वास्तविक त्यात अर्धेच सत्य आहे. गंजणे हा लोखंडाचा स्वभाव खरा; परंतु ते केव्हा गंजावे, कोठे गंजावे आणि किती वेगाने गंजावे हे त्याच्या स्वभावापेक्षा ठेवणीवर अधिक अवलंबून असते. नांगर जमिनीत चालतो तेव्हा तो झिजतो, पण त्यावर गंज टिकत नाही. मातीच त्याला घासून लख्ख ठेवते. गंज चढतो तो विसाव्याच्या महिन्यांत, आणि आपल्या हवामानात नांगराचा विसावा व पावसाळा हे नेमके एकाच वेळी येतात. झिजलेल्या फाळाने निदान काही बिघे जमीन उलटून दिलेली असते. गंजलेल्या लोखंडाने कोणतेही काम केलेले नसते. तरी शेतकऱ्याच्या हिशोबात दोन्ही नुकसानी "औत जुने झाले" या एकाच सदराखाली टाकल्या जातात. ही हिशोबाची चूक आहे, आणि ती शेतकऱ्याइतकीच त्याला औजार देणाऱ्या यंत्रणेचीही आहे.

लोखंड गंजते म्हणजे काय होते, हे समजण्यासाठी ते कोठून येते हे पाहावे लागते. सुटे लोखंड निसर्गात फार क्वचित, मुख्यतः उल्कांमध्ये, आढळते. सिंधुदुर्गातील रेडी, गोव्यातील डोंगर किंवा गडचिरोलीतील सुरजागड येथे जे खनिज आहे, ते लोखंड व प्राणवायू यांच्या संयोगाने झालेले लोहभस्म होय. कोकणातील जांभा दगड याच भस्मामुळे तांबडा दिसतो, आणि तुळशीवृंदावनाला लावावयाचा गेरूही मूळचे तेच द्रव्य. शुद्ध हेमॅटाइट या खनिजात वजनाच्या १०० भागांपैकी सुमारे ७० भाग लोखंड आणि ३० भाग प्राणवायू असतो. भट्टीत कोळशाच्या साहाय्याने हा प्राणवायू त्याच्यापासून हिरावून घेतला जातो व मग त्या लोखंडाचा फाळ होतो. या कामी फार मोठी उष्णता खर्ची पडते. त्यामुळे फाळातील लोखंड हे बळाने सुटे केलेले लोखंड आहे. संधी मिळताच ते प्राणवायूशी पुन्हा संयोग पावते. आपण ज्याला गंज म्हणतो तो लोखंडाचा पूर्वस्थितीकडे झालेला परतीचा प्रवास होय. फरक इतकाच की गंजात लोखंड व प्राणवायू यांच्या जोडीला पाणीही बांधलेले असते. एक किलो लोखंड पुरते गंजले तर त्याचा दीड किलोहून अधिक गंज होतो. नांगर वजनाने भरतो, ताकदीने मात्र उतरतो.

लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी १९०३ साली बेळगाव येथे लोखंडी नांगर केला, तेव्हा लोखंडाने जमीन विषारी होते अशी समजूत असल्यामुळे त्याला गिऱ्हाईक मिळण्यास फार काळ जावा लागला. ही समजूत आज हास्यास्पद वाटते. पृथ्वीच्या कवचात वजनाने सुमारे ५ टक्के लोखंडच आहे. नांगराच्या दोन तोळे गंजाने शेताचे काय बिघडणार? लोखंड जमिनीला बाधत नाही. उलट जमिनीचा ओलावा, तिच्यातील क्षार आणि आपण तिला घातलेली खते मात्र लोखंडाला बाधतात. ती जुनी समजूत नाहीशी झाली, पण तिच्या जागी लोखंडाला जपण्याचे नवे ज्ञान काही आले नाही.

गंज चढण्यास पाणी व प्राणवायू या दोन्ही वस्तू एकत्र लागतात. दोहोंपैकी एक जरी नसली तरी काम अडते. विहिरीत सोडलेला लोखंडी नळ खोल पाण्यात बराच काळ टिकतो, पण पाण्याच्या पातळीजवळ, जेथे ओल आणि हवा यांची गाठ पडते, तेथे तो आधी खाल्ला जातो. हे बहुतेक बागायतदारांनी डोळ्यांनी पाहिलेले असते.

लोखंडाच्या स्वच्छ पत्र्यावर पाण्याचा एक थेंब ठेवून त्याखाली काय घडते, याचा अभ्यास केंब्रिज येथील यूलिक एव्हान्स यांनी १९२०च्या दशकात केला. त्या अभ्यासातून जे निष्पन्न झाले ते प्रत्येक औतवाल्याने समजून घेण्याजोगे आहे. थेंबाच्या कडेला हवेतील प्राणवायू सहज पोचतो. मध्यभागी तो अपुरा पडतो. या असमानतेमुळे त्या इवल्याशा थेंबात विजेच्या घटासारखी क्रिया सुरू होते. मध्यभागचे लोखंड आपले विद्युत्कण मागे ठेवून पाण्यात विरघळते. ते कण धातूमधूनच कडेपर्यंत जातात आणि तेथे पाणी व प्राणवायू त्यांना सामावून घेतात. मधले विरघळलेले लोखंड कडेकडे सरकते, तेथे त्याला आणखी प्राणवायू मिळतो आणि तांबूस गंजाचे कडे बसते. म्हणजे गंज दिसतो कडेला, पण खड्डा पडतो मध्ये, जेथे प्राणवायू कमी असतो तेथे.

आता या थेंबाच्या जागी पात्याला चिकटून राहिलेला चिखलाचा गोळा आहे असे समजावे. गोळ्याच्या भोवती हवा आहे, आत ओल आहे आणि मधोमध प्राणवायूचा तुटवडा आहे. थेंब तासाभरात सुकतो. काळ्या जमिनीचा चिखल वरून सुकला तरी आतून आठ-आठ दिवस ओला राहतो. "मातीचा थर असला म्हणजे लोखंडाला वारा लागत नाही, ते सुरक्षित राहते" असे पुष्कळ शेतकरी मानतात. घडते ते नेमके उलट. चिखल खरवडून काढला की पात्यावर जे खोल खड्डे दिसतात ते या समजुतीची किंमत होय.

लोखंड इतर द्रव्यांना आपले विद्युत्कण किती तत्परतेने देते, याचे प्रात्यक्षिक फळबागायतदार नेहमी पाहत असतो, मात्र त्याचा संबंध त्याने गंजाशी जोडलेला नसतो. नाशिककडील द्राक्षबागायतदार किंवा कोकणातील सुपारीवाला बोर्डो मिश्रण तयार करतो, तेव्हा मोरचूद विरघळविण्यास लोखंडाचे भांडे घेऊ नये असे त्याला सांगितलेले असते. मिश्रण तयार झाल्यावर तो त्यात विळ्याचे स्वच्छ पाते बुडवून पाहतो. पात्यावर तांबूस थर आला तर चुना कमी पडला असे समजून तो आणखी निवळी घालतो. तो तांबूस थर गंजाचा नसून तांब्याचा असतो. लोखंड स्वतः विरघळून मोरचुदातील तांब्याला बाहेर काढते आणि त्याची जागा घेते. तांब्याऐवजी प्राणवायू समोर आला की हीच देवघेव गंजाच्या रूपाने होते. फवारणीनंतर पंपाचे लोखंडी भाग तसेच न धुता ठेवले तर त्यांवर बसलेला तांब्याचा सूक्ष्म थर शेजारच्या लोखंडाचे गंजणे आणखी वाढवितो, हेही त्याच ओघात सांगितले पाहिजे.

जर्मनची म्हणजे ॲल्युमिनियमची पातेली वर्षानुवर्षे वापरली तरी अशी खाल्ली जात नाहीत, ते का? वस्तुतः ॲल्युमिनियम प्राणवायूशी लोखंडापेक्षाही उत्सुकतेने संयोग पावते. पण त्याच्या भस्माचा थर अत्यंत पातळ, घट्ट आणि अभेद्य असतो. तो एकदा बसला की आतील धातूला झाकून टाकतो. लोखंडाचा गंज मात्र फुगीर आणि सच्छिद्र असतो. मूळ लोखंडापेक्षा तो कितीतरी अधिक जागा व्यापतो, त्यामुळे त्याचे पापुद्रे सुटतात आणि खालचे ताजे लोखंड उघडे पडते. हाच फुगवटा बोल्टाच्या आट्यांत शिरला की नट जाम होतो, आणि सिमेंटच्या स्लॅबमधील सळ्यांवर चढला की वरचा थर फुटून पडतो. दिल्लीचा सुमारे सोळाशे वर्षे उभा असलेला लोहस्तंभ गंजत नाही, मग आमचा नांगरच का गंजतो, असा प्रश्न सभेत हटकून विचारला जातो. त्या स्तंभाच्या लोखंडात स्फुरदाचे प्रमाण अधिक आहे, आणि त्यामुळे त्यावर एक संरक्षक थर बसला आहे, असे कानपूरच्या आय.आय.टी.तील प्राध्यापक आर. बालसुब्रमण्यम यांनी आपल्या संशोधनातून दाखविले. नांगराच्या पोलादात स्फुरद मुद्दाम कमी ठेवतात, कारण त्याने पोलाद ठिसूळ होते. जो गुण जागेवर उभे राहणाऱ्या स्तंभाला लाभदायक, तो दगडावर आदळणाऱ्या फाळाला मारक ठरतो.

हवेतील दमटपणाचाही विचार केला पाहिजे. इंग्लंडमधील व्हर्नन यांनी १९३०च्या दशकात असे दाखवून दिले की, हवेतील सापेक्ष आर्द्रता सुमारे ६० टक्क्यांच्या खाली असेपर्यंत स्वच्छ लोखंड फार मंद गतीने गंजते. मर्यादा ओलांडली की वेग एकदम वाढतो. पावसाळ्यात आपल्याकडे ही मर्यादा दिवसेंदिवस ओलांडलेलीच असते. म्हणून छपराखाली ठेवलेले, एक थेंबही अंगावर न पडलेले औजार गंजते तेव्हा शेतकरी बुचकळ्यात पडतो. हवेतील बाष्पाचा डोळ्यांना न दिसणारा पापुद्रा लोखंडावर बसलेला असतो आणि गंजाला तेवढे पाणी पुरते.

या पाण्यात क्षार मिसळले की गंजाचे काम दुहेरी सोपे होते. खाऱ्या पाण्यातून विद्युत्प्रवाह अधिक सहज वाहतो. शिवाय बरेच क्षार हवेतील ओल स्वतःकडे ओढून घेतात व लोखंड सुकू देत नाहीत. कोकणपट्टीवरील दारांच्या बिजागऱ्या याची साक्ष देतात. परंतु देशावरच्या शेतकऱ्याने, समुद्र दूर आहे म्हणून, निर्धास्त राहू नये. त्याच्या घरात खतांची पोती आहेत. युरिया घ्यावा : हवेतील आर्द्रता ७५ टक्क्यांच्या आसपास गेली की तो पाणी शोषून ओलसर होऊ लागतो. म्युरिएट ऑफ पोटॅश हे तर मिठाच्याच जातीचे क्लोराइड आहे. अनेक खते एकत्र मिसळली की त्यांची ओल धरण्याची प्रवृत्ती आणखी वाढते. गोठ्यात टेकवलेल्या औजाराला जनावरांच्या मूत्रातील क्षार आणि कायमची ओल हीच फळे मिळतात.

बी व खत एकाच वेळी पेरणाऱ्या यंत्राची दशा येथे विस्ताराने सांगणे अवश्य आहे, कारण खरे मोठे नुकसान तेथेच होते. पारंपरिक पाभर वा तिफण बहुतांशी लाकडाची. तिच्यात गंजण्यासारखे फणाच्या टोकाचे लोखंड तेवढे. नव्या पेरणीयंत्रात पेटी, दाणे मोजून सोडणाऱ्या चकत्या, दंड, साखळ्या, स्प्रिंगा हे सारे लोखंडी, आणि त्यातून आपण खत सोडतो. मृगाच्या पेरणीत हे यंत्र चार दिवस धावते. पाचव्या दिवशी ते अंगणात उभे राहते. खताच्या पेटीच्या तळाशी दोन ओंजळी खत तसेच राहिलेले असते. त्या रात्रीच ते पाणी ओढू लागते. चार महिन्यांनी रब्बीच्या पेरणीला यंत्र काढले असता खताचा दगड झालेला असतो, चकती दंडाला चिकटलेली असते आणि एखादी नळी गंजाच्या पापुद्र्यांनी बुजलेली असते.

ज्याने काळ्या जमिनीत पेरणी केली आहे त्यास वाफशाचे मोल सांगावयास नको. जमीन पावलाला चिकटत नाही आणि कोरडीही पडलेली नाही असे दिवस मोजके असतात. त्या दिवशी यंत्र जाम झाले तर तालुक्याच्या गावी जाऊन भाग आणीपर्यंत वाफसा निघून जातो, आणि त्याची भरपाई कोणत्याही दुकानात मिळत नाही. याहून वाईट प्रकार म्हणजे यंत्र चालते, पण एक चकती अडलेली असते. बी पडत नाही हे हाकणाऱ्याच्या ध्यानात येत नाही. आठ दिवसांनी उगवण झाली की शेतभर दर काही ओळींमागे एक ओळ रिकामी दिसते. मग दोष बियाण्याला दिला जातो आणि तक्रार बियाणे देणाऱ्याकडे जाते. अशा तक्रारीची पाहणी करणाऱ्याने शेतातील ओळींबरोबर यंत्राची चकतीही उघडून पाहावी.

गंजलेल्या पात्याची दुसरी वसुली बैलांकडून किंवा डिझेलच्या टाकीतून होते. गुळगुळीत पात्यावरून माती घसरत पुढे जाते. खरखरीत पात्याला ती चिकटते. मग माती पात्यावरून न घसरता मातीवरच घासत जाते, ओढ वाढते, तास नीट उलटत नाही आणि दर दोन फेऱ्यांनी पाते खरवडण्यासाठी औत उभे करावे लागते. चिकण काळ्या जमिनीत हा त्रास विशेष. नांगरटीच्या पहिल्या दिवशी बैल "अंगचोर झाले" असे म्हणून त्यांच्यावर आसूड ओढणाऱ्याने आधी पाते हाताने चाचपून पाहिले तर मुक्या जनावरांवरचा अन्याय टळेल.

आता यंत्रणेकडे वळावे. स्वातंत्र्योत्तर काळापासून सुधारित औजारांचा प्रसार हा विस्तारकार्याचा एक मुख्य भाग राहिला आहे, आणि तो योग्यच आहे. २०१४-१५ मध्ये सुरू झालेल्या कृषी यांत्रिकीकरण उपअभियानातून गटांना व संस्थांना भाड्याने औजारे देणारी केंद्रे, म्हणजे औजार बँका, उभारण्यास साहाय्य मिळू लागले. ज्याला स्वतःचे यंत्र घेणे झेपत नाही अशा शेतकऱ्यास यामुळे वेळेवर पेरणी करणे शक्य झाले, हे नाकारता येणार नाही. परंतु सामायिक वस्तूची निगा हा आपल्याकडील जुना दुखरा भाग आहे. स्वतःचा विळा शेतकरी आढ्याला खोचून ठेवतो. गटाचे पेरणीयंत्र ज्याने शेवटी वापरले त्याच्या बांधावर पावसात उभे असते. धुवावयाचे कोणी, तेल लावावयाचे कोणी, हे ठरलेले नसते. बारभाईच्या कारभारात यंत्राला मालक पुष्कळ असतात, धनी एकही नसतो.

या बाबतीत स्पष्ट बोलणे बरे. औजार वाटले की नोंद होते, छायाचित्र निघते, उद्दिष्ट पुरे होते. तीन वर्षांनी ते औजार कोणत्या स्थितीत आहे, हा प्रश्न त्याच तत्परतेने विचारला जात नाही. लोखंडाला अनुदान मिळावे आणि त्यावरच्या छपराचा विचार शेतकऱ्यावर सोडावा, ही विचारसरणी अपुरी आहे. गंजाच्या जागतिक नुकसानीविषयी २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय अभ्यासात हे नुकसान जगाच्या एकूण उत्पन्नाच्या सुमारे ३.४ टक्के भरते, आणि आज ठाऊक असलेले उपाय नीट योजले तर त्यातील १५ ते ३५ टक्के टाळता येण्यासारखे आहे, असा अंदाज मांडलेला आहे. "ठाऊक असलेले उपाय" हे शब्द महत्त्वाचे. नव्या शोधाची वाट पाहावयाची नाही; पाण्याची बादली, घासणी, तेलाचा डबा आणि अर्धा तास एवढाच प्रश्न आहे. तेव्हा औजार देतानाच ते कोठे राहणार याची पाहणी व्हावी. औजार बँकेच्या नोंदवहीत औजार परत आल्याची तारीख लिहिताना ते धुऊन, सुकवून, तेल लावून आले की नाही यासाठी एक रकाना असावा. आणि न धुता आणणाऱ्याकडून धुण्याची मजुरी घ्यावी. भाड्यात चार पैसे निगेसाठी धरलेले असले तर त्यातून गंजरोधक रंगही येतो.

यावर शेतकऱ्याची बाजूही ऐकली पाहिजे. मृगाच्या तोंडावर त्याला श्वास घेण्यास फुरसत नसते. दोन खणांच्या घरात माणसे, धान्य आणि सरपण यांनाच जागा पुरत नाही. तेथे नांगर कोठे ठेवावा? हा आक्षेप खोटा नाही. म्हणूनच त्याला दहा गोष्टी सांगण्याऐवजी निकडीच्या दोनच सांगाव्यात. पहिली, औजार शेतातून हलविण्यापूर्वी चिखल लाकडाच्या चिपेने काढावा आणि खताची पेटी पूर्ण रिकामी करून पाण्याने धुवावी. दुसरी, ते उन्हात खडखडीत सुकल्यावर उघड्या लोखंडावर तेल किंवा ग्रीस चोळावे. एवढे झाले तर छप्पर साधे असले, किंबहुना नुसते प्लास्टिकचे कापड असले, तरी चालते. मात्र कापड घट्ट गुंडाळू नये; आत कोंडलेली ओल बाहेर जाण्यास वाट हवी. औजार जमिनीवर न ठेवता दोन दगडांवर किंवा ओंडक्यांवर उचलून ठेवावे आणि खताच्या पोत्यांपासून व गोठ्यापासून दूर असावे.

तेल कोणते, याविषयी गैरसमज आहेत. ट्रॅक्टरचे जळके तेल फुकट मिळते म्हणून तेच फासण्याची पद्धत आहे. त्यात काजळी, आम्ल व पाण्याचा अंश असू शकतो. शिवाय ते जमिनीत वा गव्हाणीत उतरणे इष्ट नाही. साधे ग्रीस त्याहून चांगले. विदर्भात जेथे जवस पिकते तेथे कच्चे जवसाचे तेल पातळ हाताने लावून सुकू द्यावे. हे तेल स्वतः हवेतील प्राणवायू घेऊन घट्ट होते व त्याचा पापुद्रा बनतो. बियाणे ज्या भागांतून जाते तेथे ग्रीस लावू नये. ते भाग धुऊन सुकविणे पुरे. चौकट, दांडे, पेटीची बाहेरची बाजू यांना गंज घासून काढल्यावर तांबड्या ऑक्साइडचा रंग द्यावा. गंजाला अटकाव करणाऱ्या या रंगाची तांबडी भुकटी म्हणजे लोहभस्मच आहे, ही यातली गंमत. पूर्वी याच कामी शेंदूर जवसाच्या तेलात खलून लावीत असत. शेंदूर हे शिशाचे विषारी भस्म असल्याने ती रीत आता सोडून द्यावी. जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा ओरखडला तरी लगेच गंजत नाही, कारण जस्त लोखंडाच्या आधी स्वतः खर्ची पडते. पण खताच्या ओलीपुढे जस्तही फार दिवस टिकत नाही, म्हणून मुलाम्याची पेटी आहे या भरवशावर खत आत ठेवू नये.

येथे एका संबंधित समजुतीचा निकाल लावणे गैर होणार नाही. चुनखडीच्या जमिनीत उसावर केवडा पडला, पाने पिवळी-पांढरी झाली, म्हणजे गंजके खिळे आणि लोखंडाचा कीस मुळाशी घालण्याचा सल्ला दिला जातो. त्या जमिनीत लोखंड मुळीच कमी नसते. ते गंजासारख्याच न विरघळणाऱ्या रूपात अडकून पडलेले असते, म्हणून मुळांना ते घेता येत नाही. त्यात आणखी गंज घालून काय साधणार? विरघळणारे लोखंड, म्हणजे हिराकस, पानांवर फवारावे लागते. त्याचे द्रावणही ताजेच वापरावे. ठेवून दिले तर फिकट हिरवा रंग जाऊन ते पिवळट-तपकिरी होते. हवेतील प्राणवायूने बादलीतच त्याचा गंज करून टाकलेला असतो.

हे सारे सभेत तोंडाने सांगण्यापेक्षा बाटल्यांतून दाखविणे गावपातळीवरील कार्यकर्त्यास सोपे जाईल. मुलामा नसलेले पाच खिळे साबणाने धुऊन, पुसून घ्यावेत व पाच काचेच्या बाटल्यांत एकेक टाकावा. पहिलीत खिळा अर्धा बुडेल इतके साधे पाणी असावे. दुसरीत चांगले उकळलेले, म्हणजे हवा निघून गेलेले, पाणी काठोकाठ भरून वर गोड्या तेलाचा थर देऊन बूच लावावे. तिसरी कोरडी ठेवून तीत कळीच्या चुन्याची पुरचुंडी टाकावी आणि बूच घट्ट बसवावे. चौथीत अर्ध्या उंचीपर्यंत पाणी घालून त्यात चमचाभर पोटॅश खत विरघळवावे. पाचवीत चुन्याची निवळी काठोकाठ भरून बूच लावावे. पेरणीच्या आधी आठ दिवस या बाटल्या पंचायतीच्या किंवा शाळेच्या खिडकीत ठेवल्या म्हणजे पुरे. पहिलीतील खिळ्यावर गंज चढेल, चौथीतील पाणी तांबूस गढूळ दिसेल. दुसरीतील व तिसरीतील खिळे जवळजवळ जसेच्या तसे राहतील. पाचवीतील खिळा पाण्यात असूनही चकाकत राहतो, याचे लोकांना सर्वांत अधिक आश्चर्य वाटते. अल्कधर्मी निवळीत लोखंडावर एक सूक्ष्म संरक्षक थर टिकून राहतो, आणि चांगल्या सिमेंटमधील सळ्या टिकतात त्याही याच कारणाने. या पाच बाटल्यांच्या शेजारी गावातल्याच एखाद्या पेरणीयंत्रातून छिन्नीने कापून काढावा लागलेला बोल्ट ठेवावा, आणि त्या दिवशी किती एकर पेरणी राहिली ते खाली चिठ्ठीवर लिहावे.